मुलाखतीपुरतं मुक्त

बेलंदूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याला नोकरीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, ‘गिटहबवर तुमचं काय आहे?’ त्यानं कोड ठेवण्याच्या त्या संकेतस्थळावरचं, एका ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या, प्रकल्पातलं दोन वर्षांचं काम दाखवलं. पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरं तुटायची, ती जोडणारा कोड. मंडळी खूश झाली, नोकरी मिळाली. नेमणूकपत्रात मात्र कलम होतं: नोकरीत असताना लिहिलेला प्रत्येक कोड, अगदी रात्री घरी स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेलासुद्धा, कंपनीच्या मालकीचा, बाहेर द्यायचा तर लेखी परवानगी. अर्ज देऊन चार महिने झाले. उत्तर नाही.

ज्या गुणावर माणूस निवडला, त्याच गुणाला दुसऱ्या दिवशी कुलूप!

हे बेंगळुरूत घडावं याचं जास्त वाईट वाटतं. बेळगावात शिकलेल्या अतुल चिटणीसांनी 2001 मध्ये याच शहरात ‘लिनक्स बंगलोर’ ही ओपन सोर्सची परिषद उभी केली. पुढे तिचं ‘फॉस डॉट इन’ झालं. नुसतं ऐकून टाळ्या वाजवू नका, बसा आणि कोड लिहा, हा आग्रह त्यांनी 2008 पासून परिषदेच्या केंद्रस्थानी आणला. 2013 मध्ये ते गेले. त्यांचा आग्रह कंपन्यांनी उचलला तो मुलाखतीतल्या प्रश्नापुरता.

मग मुलं काय शिकणार? कामापेक्षा नोंद महत्त्वाची, हेच. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये, ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या एका उपक्रमात, त्या टी-शर्टच्या आशेनं जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कुणी एखादा शब्द वाढवला, कुणी आपलं नाव घातलं. तो कचरा निवडत बसली ती प्रकल्प सांभाळणारी, बिनपगारी माणसं. मुलांवर मी चिडत नाही. त्यांना ही वाट दाखवणाऱ्यांवर चिडतो.

त्या बिनपगारी माणसांवर किती भार असतो, हे 2024 च्या मार्चमध्ये दिसलं. ‘एक्सझेड’ हे फाइल आवळणारं साधन लिनक्सच्या असंख्य यंत्रांत असतं आणि ते एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकलेला होता. मदतीच्या मिषानं कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याचा विश्वास कमावला आणि चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न एका इंजिनिअरला पडला म्हणून जग वाचलं.

बेंगळुरूच्याच झेरोधा या शेअर दलाली कंपनीनं 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला. मनापासून अभिनंदन. पण बाकी कंपन्यांना तर पैसेही काढावे लागणार नाहीत. परवानगीच्या अर्जाला आठवड्यात उत्तर द्या आणि शुक्रवारची एक दुपार मोकळी सोडा. एवढंच मागणं आहे.

भाच्याचं काम अर्धवट पडलंय. प्रकल्प सांभाळणाऱ्या बाई त्याला कधी भेटलेल्या नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांनी तिसऱ्यांदा निरोप पाठवला: तब्येत बरी आहे ना? त्याला अजून उत्तर लिहिता आलेलं नाही.