चि. बाळ यास, सप्रेम

२०२४च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डॅलस शहरी लाल चपलांच्या एका जोडाची हर्रासी झाली. १९३९च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या सिनेमात जूडी गार्लंड या नटीने घातलेला जोड. लिलाव कंपनीचं कमिशन धरून किंमत गेली सव्वातीन कोटी डॉलरवर. आमच्या यवतमाळात एवढी मोठी रक्कम डोक्यात शिरायची तर ती कापसात मोजावी लागते. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,५२१ रुपये क्विंटल. त्या हिशेबाने चपलांचा एक जोड म्हणजे साडेतीन लाख क्विंटलांच्या वर कापूस. हे गणित मी मोठ्याने केलं, तेव्हा मामा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “हमीभाव भेटला तं!”

या चपला त्याआधी २००५ साली जूडीच्या जन्मगावच्या संग्रहालयातून चोरीला गेल्या होत्या. चोराला वाटलं, वरची माणकं खरी आहेत. नंतर कळलं की नुसती काच आणि टिकल्या. त्याने वैतागून माल दुसऱ्याच्या गळ्यात मारला आणि तेरा वर्षांनी पोलिसांना तो सापडला. बिचाऱ्याला माणकं खोटी निघाल्याचं दुःख झालं. खरी असती तर एवढे पैसे कोणी दिले असते?

हर्रासीचं आम्हाला अप्रूप नाही. मार्केट यार्डात तुरीच्या ढिगाभोवती व्यापारी गोळा होतात, अडत्या बोली पुकारतो आणि शेतकरी बाजूला उभा राहून आपल्याच मालाकडे परक्यासारखं बघतो, हे आमचं रोजचं दृश्य. देवाच्या वस्तूचा लिलावही नवा नाही. शेजारच्या आदिलाबादेहून पुढे हैदराबादेकडे गेलं की बाळापूरचा गणपती लागतो. त्याच्या हातातला लाडू १९९४ साली ४५० रुपयांना गेला होता, तोच २०२४मध्ये ३० लाख १ हजाराला गेला. लाडू तोच, साखरेचे भावही इतके वाढलेले नाहीत. मला वाटतं, नटीच्या चपला आणि गणपतीचा लाडू घेणारा माणूस एकाच जातीचा असतो. मोठ्या कोणाचा तरी हात किंवा पाय लागलेली वस्तू त्याला घरात हवी असते. फरक एवढाच की लाडू घरी नेऊन वाटून टाकतात आणि चपलांना काचेची पेटी करतात. माझं मत लाडूच्या बाजूने आहे.

पण या धंद्यातला सगळ्यात तयारीचा माणूस आमच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यात राहून गेला. गांधीजी सही फुकट देत नसत. हरिजन फंडात पाच रुपये टाका, मग सही. १९३३च्या नोव्हेंबरात वर्ध्याहून त्यांची हरिजन यात्रा निघाली. त्या यात्रेत सभेत मिळालेलं मानपत्र, मानपत्राची चौकट, भेट आलेली वस्तू, सगळं ते तिथल्या तिथे लिलावाला काढत. रात्र रात्र जागून संस्कृतप्रचुर मानपत्र लिहिणाऱ्या गावच्या मास्तरांना पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या शब्दांचा भाव ऐकावा लागत असेल. आजच्या सत्कारमूर्तींनी ही पद्धत उचलली तर निम्मे सत्कार आपोआप बंद होतील, असा माझा अंदाज आहे.

पुढे त्यांच्याच वस्तू बाजारात आल्या. मार्च २००९मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा चष्मा, चपला, खिशातलं घड्याळ आणि ताट-वाटी १८ लाख डॉलरला विकली गेली. घेणारे होते विजय मल्ल्या. ज्यांच्या नावाने वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यांची वाटी सोडवून घेतली दारूवाल्याने! मग २०२०च्या ऑगस्टात इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या एका लिलावघराच्या पत्रपेटीत साध्या पाकिटात कोणीतरी गांधीजींचा चष्मा टाकून गेलं. त्यांना वाटलं, दहा-पंधरा हजार पौंड येतील. आले २ लाख ६० हजार. इकडे सेवाग्रामच्या आश्रमातला चष्मा चोरीला गेल्याची बातमी २०११ सालीच येऊन गेली होती. आमच्याकडे वस्तू घरात असते तोवर तिला कुलूप नसतं. गेल्यावर मात्र समिती बसते.

माझं लक्ष मात्र चष्म्यांपेक्षा वह्यांवर जास्त आहे, कारण एक वही आमच्या घरात आहे.

१९७३ साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. एरवी संमेलनाध्यक्ष म्हटलं की पुढच्या चार रांगांतल्या लोकांनाच माहीत असलेला माणूस. गदिमांचं तसं नव्हतं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं ‘गीतरामायण’, त्यातली ५६ गीतं आणि सुधीर फडक्यांच्या चाली घरोघर पोचल्या होत्या. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा त्यांची. मराठी सिनेमाची गाणी तर किती, याची मोजदाद त्यांनीही ठेवली नसेल. शिवाय पडद्यावर स्वतः कामही केलेलं. मामा सांगतात, “पुस्तकाचं पान न उघडलेला मानूसई मंडपात येऊन बसला होता. त्याले काय परिसंवाद आयकाचा होता का? त्याले गदिमा पाहाचे होते.”

मामा तेव्हा कॉलेजात होते. त्यांच्याकडे वही होती ती शंभर पानी, मागच्या बाजूने मेसचा हिशेब लिहिलेली. तिच्या एका पानावर स्वच्छ अक्षरात ‘चि. बाळ यास, सप्रेम’ आहे आणि खाली एक लांब, वळणं घेत गेलेली रेघ. ती सही गदिमांची, असं मामा सांगतात. मामींचं म्हणणं निराळं. “सई होय का हे? कोंबडीनं पाय घासल्यावानी दिसते.” लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी या मुद्द्यावर तडजोड नाही.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याला अलीकडे जुन्या सिनेमाच्या वस्तू आणि सह्या लिलावात घ्यायचा नाद लागला आहे. रात्री जागून तो बोली लावतो. त्याच्याकडून मला या व्यापाराचे नियम कळले आणि त्यातला एक ऐकून मी थक्क झालो. कोरी सही असेल तर भाव जास्त. ‘अमक्यास सप्रेम’ असं लिहून दिलेली असेल तर बहुधा भाव उतरतो, कारण घेणाऱ्याला दुसऱ्या कोणा बाळचं नाव भिंतीवर नको असतं. तो बाळ स्वतः पंडित नेहरू वगैरे असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे व्यापाराच्या दृष्टीने मामांच्या वहीतला वाचता येणारा भाग हा डाग आणि वाचता न येणारा भाग हा माल.

मामेभावाने व्हिडिओ कॉलवर सहज विचारलं, वरची ओळ एखाद्या द्रावणाने काढता येते का. मामा काही क्षण फोनच्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माहं नाव काढलं तं मंग त्याच्यात राह्यलं काय बे?” पोरगा म्हणाला, “गदिमा राहिले ना, बाबा.” मामा म्हणाले, “ते तं तसेई राह्यतात. माह्या वहीची काय गरज हाये त्यायले?”

मी या भांडणात मामांच्या बाजूचा आहे. माणूस गर्दीत धक्के खात, वही उंच धरून उभा राहतो तो नुसती मोठ्या माणसाची सही मिळावी म्हणून नव्हे. त्याला त्याच पानावर स्वतःचंही नाव हवं असतं, आणि तेही त्या मोठ्या माणसाच्या हातचं. रेडिओ सिलोन आणि विविध भारतीच्या दिवसांत झुमरी तलैयाच्या लोकांनी फर्माईशींची पोस्टकार्डं पाठवून आपल्या गावाचं नाव देशभर केलं. आमच्या जिल्ह्यातूनही कार्डं जात. गाणं तर फर्माईश न पाठवताही लागणारच असायचं. पण गाण्याआधी निवेदक घाईघाईने जी नावं वाचत जायचा, त्यात आपलं नाव यावं म्हणून पंधरा पैशांचा खर्च. त्या नावाची वस्तू करता येत नाही आणि लिलावात ठेवता येत नाही, म्हणून त्याला भाव नाही. पण ज्याचं नाव एकदा लागलं, तो माणूस अजून गल्लीत सांगत फिरतो.

२०१९ला यवतमाळला पुन्हा संमेलन झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे, उद्घाटन केलं राजूरच्या वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने. कोण आलं यापेक्षा लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं दिलेलं निमंत्रण परत कसं घेतलं, यावरच त्या वेळी जास्त शाई खर्च झाली. वह्या मला फारशा दिसल्या नाहीत, दिसले ते उंच केलेले फोन. सेल्फीत तरी काय असतं? पाहुण्याच्या शेजारी आपलं तोंड. म्हणजे ‘चि. बाळ यास’च. पाहुण्याला लिहावं लागत नाही एवढाच त्याचा फायदा.

सिनेमाच्या जुन्या कागदांचं आपण मराठी लोकांनी जे केलं ते मात्र बोलण्यासारखं नाही. थिएटरच्या बाहेर काही पैशांना मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या रद्दीत गेल्या आणि आता त्याच मुंबईच्या चोरबाजारात प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दम लागेल अशा किमतीला मिळतात. फिल्मच्या रिळांतून चांदी निघते म्हणून कितीतरी सिनेमे वितळवले गेले. फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ राहिलं. १९६४ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडलं आणि पी. के. नायर नावाचा माणूस डबे शोधत देशभर फिरला, म्हणून एवढं तरी हाती लागलं. बाबूराव पेंटरांच्या १९२४च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज हाती असलेल्या भारतीय पोस्टरांत सर्वांत जुनं मानतात. आपल्या १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं उलटलेली कलाकृती पुरावस्तू ठरते, तिची नोंदणी होऊ शकते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. मामींना हे सांगितलं तर म्हणाल्या, “मंग माह्या सासूबाईच्या पितळी गुंडाची नोंदणी करून टाका. तो तं त्याहूनई जुना हाये, अन् तो घेऊन जाले आमचा पोरगा दर साली टपलाच असते.”

या दिवाळीत मामेभावाने बापासाठी भेट पाठवली. जुन्या हिंदी सिनेमाच्या एका लाडक्या नायकाचा कृष्णधवल फोटो, खाली निळ्या शाईत सही, आणि सोबत जाड कागदावर सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र: ही सही अस्सल आहे. सही इतकी सुबक की प्रत्येक अक्षर वेगळं वाचता यावं. मामांनी चष्मा पुसून ती दोनदा पाहिली. मी त्यांना मामेभावाकडून ऐकलेलंच सांगितलं, की त्या काळी चाहत्यांच्या पत्रांची पोती यायची आणि फोटोंवर सह्या करायला सेक्रेटरी असायचे, कधी कधी घरचे लोकही बसायचे. मामा म्हणाले, “थेच म्हनतो मी. मोठा मानूस इतकी साफ सई करते का?” मामींना फोटोपेक्षा प्रमाणपत्र आवडलं. कागद चांगला, अक्षर चांगलं, शिवाय मोहोर. त्यांनी ते टीव्हीच्या वर लावायचं ठरवलं. मामांनी ते हातात घेतलं, खालच्या कोपऱ्यात कोणा अधिकाऱ्याची रेघ होती ती उजेडात धरली आणि न्यू जर्सीला फोन लावायला सांगितला. तिकडे पहाट होती. मामेभावाने झोपेतच फोन उचलला.

“काऊन बे,” मामा म्हणाले, “ह्या सईचं प्रमाणपत्र कुठी हाये?”