बूस्टराव

अमेरिकेतल्या मराठी मंडळांत काही पात्रं ठरलेली असतात. नाटकात काम मिळालं नाही म्हणून लाइट सांभाळणारे एक, चहाच्या कपांचा हिशेब ठेवणारे एक, आणि ‘दोन वर्षांत भारतात परत’ हे वाक्य ग्रीन कार्डाच्या आधीपासून म्हणत आलेले एक. टेक्सासात या यादीत बूस्टरावांची भर पडते. नाव अर्थात मंडळाने ठेवलेलं. प्रत्येक मंडळाचे बूस्टराव वेगळे असले तरी एक पाहिला की बाकीचे ओळखू येतात.

बूस्टराव पन्नाशीचे असतात. शिक्षण पुण्यात, नोकरी ह्यूस्टनमध्ये संगणकासमोर, घर उपनगरात, मुलगी कॉलेजला गेलेली. दारात फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, कंपनीच्या कागदावर ४०० हॉर्सपॉवर. एवढ्या ताकदीत ऑफिसला जाणं अवघड आहे, हा साक्षात्कार मुलगी घराबाहेर पडल्यावर होतो. मग नऊ-दहा हजार डॉलरच्या घरातलं सुपरचार्जरचं किट येतं. वहिनींना त्याची किंमत हप्त्याहप्त्याने कळते.

सुपरचार्जर म्हणजे काय, हे बूस्टरावांना कुणी विचारत नाही. तरी ते साबुदाणा खिचडीच्या रांगेत सांगतात. एरवी इंजिन भुकेपुरती हवा स्वतः ओढून घेतं. सुपरचार्जर हा पंगतीत आग्रह करणारा यजमान. क्रँकशाफ्टवरून पट्टा घेऊन फिरतो आणि इंजिन ‘पुरे, पुरे’ म्हणत असताना हवा वाढत राहतो. हवा वाढली की पेट्रोलही त्या मापात वाढायला हवं, म्हणून मोठे इंजेक्टर. दाबलेली हवा तापते, म्हणून इंटरकूलर. आणि पानात काय, किती, कधी पडायचं हे ठरवणारा आचारी म्हणजे ट्यूनर. आचारी चुकला तर पोट बिघडत नाही, थेट पिस्टन जातो. मग १८६० सालात शिरून ते सांगतात, की इंडियानातल्या रूट्स बंधूंनी हवेच्या पंपाचं पेटंट घेतलं तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. तो पंप भट्ट्यांत हवा घालायला गेला. रांग एव्हाना पुढे सरकलेली असते आणि खिचडी संपलेली.

किट बसवायला दोन शनिवार-रविवार लागतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं : ट्यूनिंग. ट्यूनर दुसऱ्या राज्यात राहतो. बूस्टरावांनी त्याला पाहिलेलं नाही, पण त्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. तो ईमेलने एक फाइल पाठवतो. ती लॅपटॉपवरून, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधून गाडीच्या संगणकात घालायची. मग रस्त्यावर जाऊन एकदाच अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, त्या काही सेकंदांची नोंद लॅपटॉपमध्ये घ्यायची आणि परत पाठवायची.

यासाठी बूस्टराव रविवारी पहाटे उठतात. महामार्गावर चढायचा रॅम्प आधीच हेरून ठेवलेला असतो. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, पोलीस नाही, हे तीनदा बघतात. ‘अहो, दाबा आता,’ असं शेजारच्या सीटवर लॅपटॉप धरून बसलेल्या वहिनी म्हणतात. हे दाबतात. ट्रक ओरडत सुटतो, वहिनींचा चष्मा कपाळावर चढतो, आणि काय झालं ते कळायच्या आत बूस्टराव पाय उचलून उजव्या लेनमध्ये येतात. घरी येऊन दिवसभर आलेख बघतात. हवा-पेट्रोलचं प्रमाण साध्या चालीत १४.७ ला १, दाबावर साडेअकरा-बाराच्या आसपास हवं. तिथं ते आहे. मात्र एका ठिकाणी नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर संगणकाने ठिणगीचं टायमिंग दोन अंशांनी मागे खेचलंय. जेवण जात नाही. सोमवारी ट्यूनरचं दोन शब्दांचं उत्तर येतं, ‘लुक्स गुड’. त्या ईमेलचा स्क्रीनशॉट मंडळाच्या ग्रुपवर भोंडल्याच्या निमंत्रणाखाली पडतो.

यानंतर बूस्टराव बेफाम गाडी हाकू लागतील, असं आपल्याला वाटतं. होतं उलटंच. ४०० चे ७०० झाल्यापासून ते आधीपेक्षा हळू चालवतात. आता काळजी करण्यासारखं खूप आहे. आत शिरणाऱ्या हवेचं तापमान किती? ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात ते चढतं, मग संगणक टायमिंग मागे घेतो आणि विकत घेतलेली ताकद दुपारी घटते. पट्टा घसरत नाही ना? पेट्रोल ९३ ऑक्टेनचंच भरलं ना? गॅलनमागे थोडे सेंट वाचावेत म्हणून ते कॉस्टकोच्या रांगेत अर्धा तास उभे राहतात, आणि रांगेत इंजिन बंद ठेवतात, कारण उभ्या गाडीत हवा तापते. वार्षिक प्रदूषण तपासणीला जायचं तर नवी फाइल घातल्यावर संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हाव्या लागतात. तोवर आठवडाभर शिस्तीत गाडी चालवायची. शिस्तीत चालवायला बूस्टरावांना निमित्त लागत नाही, हा भाग वेगळा.

आणि इथेच खरी गंमत आहे. सुपरचार्जरला एक बायपास झडप असते. अ‍ॅक्सिलरेटर हलका असला की ती उघडी राहते. दाबलेली हवा आतल्या आत फिरते, बूस्ट (म्हणजे हवेचा जादा दाब) शून्य. म्हणजे बूस्टराव ज्या पद्धतीने गाडी चालवतात, त्या पद्धतीने दहा हजार डॉलरचं ते यंत्र जवळजवळ कायमच रजेवर असतं. हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. विचारलं तर शांतपणे म्हणतात, ‘असू दे हो. कधी लागली तर?’

हे ऐकलं की माणूस एकदम ओळखीचा वाटतो. आपल्या घरांत पितळी डबे, पाहुण्यांच्या चादरी, लग्नातला डिनर सेट ज्या तत्त्वावर माळ्यावर राहिला, त्याच तत्त्वावर त्यांच्या बॉनेटखाली ३०० हॉर्सपॉवर राहतात. त्या वापरायच्या नसतात, असायच्या असतात.

पिकअपच्या मागच्या हौद्याचंही तेच. गणपतीत मखर, सतरंज्या आणि स्पीकर आणायला मंडळाने ट्रक मागितला, तेव्हा बूस्टराव लगेच ‘हो’ म्हणाले. मग म्हणाले, स्पीकरला कोपरे असतात. मग म्हणाले, सतरंजीखाली खडे असतात. शेवटी सगळं सामान जोशीकाकूंच्या होंडा ओडिसीत कोंबून आलं आणि मागून संरक्षणाला बूस्टराव रिकामा ट्रक घेऊन आले. उतरल्याबरोबर त्यांनी हवेचं तापमान सांगितलं.

त्यांचा चुलतभाऊ निफाड तालुक्यात कांदा पिकवतो. त्याच्याकडे बोलेरो पिकअप आहे : ७५ च्या आसपास हॉर्सपॉवर, दीड टनाची. कांदा भरून ती लासलगावच्या बाजार समितीत जाते. बूस्टरावांच्या ट्रकच्या दाराच्या चौकटीवर माणसं धरून किती वजन चालेल त्याचं लेबल आहे. हिशेब पाऊण टनाच्या जरा वर जातो. सुपरचार्जरचं स्वतःचं वजनही त्यातूनच वजा.

व्हिडिओ कॉलवर बूस्टरावांनी भावाला बॉनेट उघडून दाखवलं. भावाने मन लावून पाहिलं.

‘दादा, माल किती बसतो?’

‘माल नाही रे भरत मी.’

‘मग एवढी ताकद?’

‘असू दे. कधी लागली तर.’

भाऊ हसला नाही. त्याच्यामागे चाळीत उन्हाळ कांदा भरलेला होता, भाव आला तर काढू म्हणून. बूस्टरावांना मात्र एव्हाना स्फुरण चढलं होतं. ‘तुझी पिकअप कुठल्या सालची? डिझेल टर्बो आहे ना? अरे, नुसतं रिमॅप केलं तरी ९०-९५ निघतील. मी ट्यूनरला विचारतो.’

‘ताकद हाय रे भरपूर,’ भाऊ म्हणाला. ‘कांद्याचा भाव वाढवायची काही फाइल असंल त्याच्याकडं, तर तेवढी पाठव म्हणा.’