चिठ्ठी आणि माल

आमच्या सोसायटीत कुणाची अटॅचमेंट उघडली नाही की तो चपला अडकवून दुसऱ्या मजल्यावर नानांकडे जातो. नाना त्याला 'बसा' म्हणत नाहीत. चष्म्यावरून बघत विचारतात, "बिलावर काय लिहिलंय? आणि गोणीत काय आहे?"

नाना मुलुंडच्या जकात नाक्यावर कारकून होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात, म्हणजे ऑक्ट्रॉय, गेली. नाना त्याआधीच निवृत्त झाले होते, पण त्यांचा संशय अजून नोकरीत आहे. बिलावर गूळ आणि गोणीत काजू, हे ३० वर्षं पाहिलेला माणूस! आता ट्रकऐवजी मेल येतात, एवढाच फरक.

परवा सेक्रेटरींनी वार्षिक सभेचा हिशेब पाठवला. नाव 'हिशेब डॉट पीडीएफ'. उघडायला जावं तर 'फाइल खराब आहे'. तळमजल्यावरच्या काकांना लगेच अफरातफरीचा वास आला. नानांनी फाइल उतरवून सरळ नोटपॅडमध्ये उघडली. पडद्यावर नुसत्या किड्यामुंग्या. नानांनी पहिल्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं.

"पी, के. खरी पीडीएफ असती तर सुरुवातीलाच टक्क्याची खूण आणि पीडीएफ ही अक्षरं दिसली असती. पीके म्हणजे झिपचं गाठोडं. फिल कॅट्झने ते बांधायची रीत काढली, त्याची आद्याक्षरं. वर्डची नवी फाइल आतून झिपच असते. सेक्रेटरींनी 'सेव्ह अ‍ॅज' करून पीडीएफ बनवायची सोडून नुसतं नाव बदललं. म्हशीचं नाव कपिला ठेवलं म्हणून दूध गाईचं होतं होय?"

नावाच्या शेवटी 'डॉट डॉक-एक्स' केल्यावर हिशेब उघडला. अफरातफर नव्हती. बेरीज चुकली होती.

माझं दुखणं उलटं होतं. मी पाठवलेली अस्सल वर्डची फाइल समोरच्याला झिप म्हणून दिसली. नाना खूश झाले. "तिकडच्या तपासनिसाने गोणीचं तोंड उघडलं, पीके दिसलं, झिप लिहून मोकळा! तळापर्यंत हात कोण घालणार?" माझ्या भाचीची सीएसव्ही, म्हणजे साधा मजकूर, एक्सेल म्हणून गेली, तेव्हा नानांनी ब्राउझरला धरलं. "हा आत बघतच नाही. नावाचं शेपूट बघतो आणि विंडोजला विचारतो. संगणकावर एक्सेल बसवलेलं असलं की विंडोज सांगतं, एक्सेलचीच!"

मेलमधल्या मालावर 'कंटेंट-टाइप'ची चिठ्ठी लावायची पद्धत १९९२ ची. माल कसला ते कळलं नाही की चिठ्ठीवर येतं 'ऑक्टेट-स्ट्रीम'. हा शब्द नानांचा फार लाडका. "आम्ही 'किरकोळ माल' लिहायचो ना, तेच हे. ऑक्ट्रॉयचं धाकटं भावंड!"

नवा संगणक दिसला की नाना विचारल्याशिवाय त्यात शिरतात आणि फाइलींची शेपटं दिसतील अशी टिक करून येतात. विंडोज ती आपणहून लपवतं, म्हणून 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' हा दरोडेखोर नुसता 'बिल डॉट पीडीएफ' म्हणून सभ्यपणे दारात उभा राहतो. "असली गाडी नाक्यावरून सोडायची नाही," हे सांगताना नानांचा हात अजूनही शिट्टी शोधतो.

एकदा नानांच्या पत्नी, आमच्या काकू, देवळात होत्या, म्हणून चहा नानांनीच केला. त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर नानांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. पहिल्या घोटालाच माझे डोळे पांढरे झाले. नानांनीही घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला.

काकू तेवढ्यात आल्या. आमची तोंडं बघून त्यांनी 'साखर' लिहिलेला डबा उचलला आणि मागे सरकवला.

"यात दिवाळीपासून मीठ आहे. चिठ्ठी तुमची, माल माझा."