कटिंगकाकू

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक कटिंगकाकू असतात. त्यांच्या पर्समध्ये नेलकटर, ओला रुमाल आणि धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी एवढा ऐवज कायम असतो. लग्नाला गेल्यावर बाकीच्या बायका मुलीच्या अंगावरचे दागिने बघतात. काकू मंगल कार्यालयाच्या कुंपणापाशी क्रोटन बघत असतात. शेवटचं मंगलाष्टक संपेपर्यंत त्याची एक फांदी पर्समध्ये गेलेली असते. विकत आणलेलं झाड मरतं, मागून आणलेलं जगतं आणि न विचारता आणलेलं फोफावतं, हा त्यांचा सिद्धांत. मनीप्लँटच्या बाबतीत तो अख्ख्या पुण्याला मान्य आहे. काकूंनी तो सर्व वनस्पतींना लावला, एवढंच. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला त्या न चुकता जातात. लोक फुलांबरोबर फोटो काढतात, काकू जमिनीकडे बघत चालतात. पडलेली फांदी उचलणं ही चोरी नव्हे.

आमच्या काकूंच्या बाल्कनीतल्या बहुतेक झाडांना नाव नाही, पण माहेर आहे. हे सदाशिव पेठेतलं, ते दवाखान्यातलं, पलीकडचं मोठ्या वन्संचं. ‘मोठ्या वन्संचं सारखं पाणी मागतं आणि एवढं करून फूल म्हणून देत नाही,’ हे वाक्य झाडाबद्दल आहे असं त्या शपथेवर सांगतात. भाच्याने त्यांच्या मोबाईलवर झाडं ओळखणारं ॲप घालून दिलं. दवाखान्यातल्याचा फोटो काढला तर त्याने एक नाव सांगितलं, बाजूने काढला तर दुसरंच. काकू म्हणाल्या, ‘ते जाऊ दे. हे कुणाकडून आणलंय, ते सांगतंय का विचार.’

नाव असलेल्या झाडांत मान एकाचाच, ब्रह्मकमळाचा. ते फुलणार असेल त्या रात्री अकरा वाजता बिल्डिंगमधले लोक गाऊन-बर्म्युड्यात काकूंच्या बाल्कनीत जमतात, उदबत्ती लागते, मसाला दूध फिरतं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक एकदा तिथे बोलून गेले, की हे मूळचं मेक्सिकोकडचं, निवडुंगाच्या कुळातलं झाड. खरं ब्रह्मकमळ हिमालयात होतं, ते उत्तराखंडचं राज्यफूल आहे. त्यांना त्यानंतर बोलावणं गेलेलं नाही. दूधही नाही.

काकूंचा खरा हंगाम मात्र एप्रिल-मे. ऊन चाळिशीला टेकलं, पाणीकपातीची बातमी आली की बाल्कनीत किड्यांचं राज्य सुरू होतं. जास्वंदीच्या शेंड्यावर कापूस पिंजून ठेवल्यासारखा मिलीबग दिसायला लागतो. त्याच्या आधी मुंग्यांची ये-जा सुरू होते, कारण मिलीबग गोड चिकटा सोडतो आणि त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. काकू मुंग्यांना ‘दलाल मेले’ म्हणतात आणि काकांचा जुना टूथब्रश घेऊन बसतात. तो नेमका किती जुना होता, यावर घरात दुमत आहे. निंबोळी तेल, साबणाचं पाणी, मग पुन्हा ब्रश. ढालकिड्याला अभय, तो लाल आणि गोंडस म्हणून. त्याची अळी काळी, खरबरीत आणि उग्र दिसते. मावा फस्त करण्यात ती आईबापांना हार जात नाही, पण काकूंच्या चिमट्यात आधी तीच सापडते. रूपावरून निकाल देणं काही स्थळं बघण्यापुरतंच नसतं.

लिंबाच्या कुंडीवर सुरवंट आले. लहान असताना ते पानावर पक्ष्याने घाण केल्यासारखे दिसतात, म्हणून काकूंनी आठवडाभर कबुतरांना शिव्या घातल्या. मग ते हिरवे झाले. काकूंनी काडी लावल्यावर एकाने डोक्यामागून दुबेळकं नारिंगी शिंग बाहेर काढलं आणि घाणेरडा वास सोडला. भाचा म्हणाला, ‘मामी, थांब! ब्लू मॉरमॉन असू शकेल. 2015पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे.’ काकू म्हणाल्या, ‘मग राज्याने मे महिन्यात लिंबं पुरवावीत.’

काकूंचा कायदा पानं खाणाऱ्यांना लागू. घर बांधणारीला नाही. कूलरच्या प्लगच्या भोकात कुंभारमाशीने चिखल भरला. आत ती अंडं घालते आणि पिल्लाच्या शिदोरीला डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या ठेवते, हे कळल्यावर तर काकू विरघळल्याच. ‘बाळंतीण आहे ती. प्लगला कुणी हात लावायचा नाही.’ काका भर वैशाखात घडी घातलेल्या सकाळने वारा घेत बसले.

आणि मग ते महाबळेश्वरचं.

स्ट्रॉबेरीच्या रोपाबरोबर आलेल्या मातीतून ते उगवलं. स्ट्रॉबेरी मेली, हे राहिलं. कातरलेली नाजूक पानं. काकूंनी त्याला गेरू लावलेली कुंडी दिली, शेंडे खुडून खुडून घुमारे फोडले, आपोआप उगवलेल्या रोपांतली दोन पाडव्याला सी विंगमधल्या वहिनींना दिली. मेअखेरीस वळवाचे दोन पाऊस झाले आणि महाबळेश्वरच्यावर पिवळट पांढरे, तपकिरी वेलबुट्टीचे भुंगेरे आले. काकू रात्री टॉर्च घेऊन त्यांना वेचायला लागल्या. हात खाजायला लागले तरी वेचत राहिल्या.

शेवटी प्राध्यापकांना बोलवावं लागलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. ‘वहिनी, हे गाजरगवत आहे. काँग्रेस गवत. तेही मेक्सिकोकडचंच. भारतात पहिल्यांदा नजरेला आलं 1955च्या सुमारास, आपल्या पुण्यातच. आणि हे भुंगेरे ते खाण्यासाठी सरकारने मुद्दाम मेक्सिकोहून आणून 1984मध्ये बेंगळुरूजवळ सोडले, त्यांचा वंश. तुम्ही सरकारी नोकर मारताय.’

रस्त्याच्या कडेला हेच दिसलं असतं तर काकू नाकाला पदर लावून पलीकडून गेल्या असत्या. पण गेरूच्या कुंडीत घातलं की पुण्यात कशालाही प्रतिष्ठा येते.

प्राध्यापक मसाला दूध पिऊन गेल्यावर काकूंनी सी विंगला फोन लावला. दिलेलं रोप चुकीचं होतं असं सांगणं कटिंगकाकूंच्या धर्मात बसत नाही. ‘अहो, आमचं महाबळेश्वरचं गेलं हो,’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्यातलं देता का परत?’

‘अगंबाई, देते की!’ वहिनी म्हणाल्या. ‘आमच्याकडे तर भरभरून फुललं, पांढरं, ताऱ्यांसारखं. मी बी धरलंय. माहेरी कराडला पाठवलं, जाऊबाईंना नाशिकला दिलं. तुम्हाला वाटीभर पुरेल ना?’