डीजे बंद झाल्यावर

माझ्या डाव्या मूत्रवाहिनीत अडकलेला 8 मिलिमीटरचा खडा डॉक्टरांनी दुर्बिणीतून लेझरने फोडला. त्यानंतर नातेवाइकांनी माझ्या नावाने जे खडे फोडले, त्यांचं माप कुठल्याच रिपोर्टात नाही. "टोमॅटो बियांसकट खायचास ना?" इति मावशी. शेजारच्या नानांनी कुळथाचं कढण सुचवलं, त्यांच्या चिरंजीवांनी हळूच बिअर.

भूल उतरली तेव्हा डॉक्टर सांगत होते, "आत डीजे घातलाय, दोन आठवड्यांनी काढू."

"अगंबाई, गणपती जाऊन महिना झाला की!" मावशी म्हणाली.

मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. दोन्ही टोकांना इंग्रजी 'जे'सारखी वळलेली मऊ नळी; एक टोक मूत्रपिंडात, दुसरं मूत्राशयात. सूज उतरेपर्यंत वाट मोकळी राहावी म्हणून. पण खरं सांगतो, मावशीचाच अर्थ बरोबर होता. रात्रभर दर अर्ध्या तासाला मिरवणूक, कमरेत ढोल आणि विसर्जन जेमतेम चमचाभर. गुलालसुद्धा होता. "नळी आहे तोवर लालसर होणारच, पाणी प्या," डॉक्टर म्हणाले.

तुकडे तपासायला हवे होते, म्हणून गाळून घ्यायचं ठरलं. हिने एका गाळणीला नेलपॉलिशची खूण केली. तरी महिनाभर आमच्याकडे कुणी चहा घेतला नाही. मोहरीहून बारीक असे तीन कण हाती लागले. रिपोर्ट आला : कॅल्शियम ऑक्झलेट. म्हणजे सगळ्यांना होतो तोच. एवढा आरडाओरडा केल्यावर निदान काही दुर्मीळ तरी निघावं!

कॅल्शियम वाचताच मी दूध सोडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू करायला लावलं. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं म्हणे. कमी करायचं ते मीठ. आणि उठता उठता सहज म्हणाले, "दहा वर्षांत निम्म्या लोकांना पुन्हा होतो हं."

खडा होता तेव्हा तो कुठे आहे हे मला नेमकं ठाऊक होतं. आता तो कुठेही असू शकतो. ढेकर आली तरी मी कूस चाचपतो.

सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली. "काका, सगळं स्वच्छ आहे." "उजवीकडे बघितलंत?" "दोनदा."

परतताना रिक्षा खड्ड्यात आदळली आणि डाव्या कमरेत बारीकशी चमक आली.

"दादा," मी म्हटलं, "परत फिरवा."