ट्यूबमागची

माणसानं कशाकशाला भ्यावं याची एक प्रतिष्ठित यादी असते. वाघ, भूकंप, गृहकर्जाचा हप्ता. माझ्या यादीत पहिला नंबर पालीचा होता. लांबी चार इंच. पंचेचाळिशी उलटेपर्यंत मी न्हाणीघरात शिरण्याआधी दारावर दोनदा थाप मारायचो, दिवा लावून चारही कोपरे बघायचो आणि साबण डोळ्यांत गेला तरी डोळे उघडे ठेवून अंघोळ करायचो.

यात थोडा दोष वाडवडिलांचाही. दुधात पाल पडून अख्खं कुटुंब दगावल्याची गोष्ट घरोघरी असायची. कुटुंब मात्र नेहमी शेजारच्या गावचं. शिवाय पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक. पाल डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय. पुरुषाला उजवी बाजू चांगली, बाईला डावी. एवढा खोल विचार करणाऱ्यांनी, ती अंगावर पडणारच, हे मात्र गृहीत धरलेलं!

एकदा अंगात शौर्य संचारलं. केरसुणी उगारली. पाल ट्यूबलाइटमागे पसार झाली आणि शेपूट फरशीवर राहिलं. राहिलं म्हणजे काय, नाचत राहिलं. वळवळत मोरीपर्यंत गेलं, उडी मारून उलटं झालं, परत माझ्याकडे आलं. मी स्टुलावर, कमरेला टॉवेल.

स्टुलावर बराच वेळ काढावा लागला. नंतर शेपटाबद्दल वाचलं. त्याच्या मणक्यांतच तुटण्याची जागा आधीपासून ठरलेली असते. अडीअडचणीसाठीची चरबी पाल शेपटात साठवते. नवं शेपूट येतं, पण आत हाडाऐवजी कूर्चा. म्हणजे मला घाबरून त्या बाईनं उभ्या उभ्या फिक्स्ड डिपॉझिट मोडली होती!

मग पहिल्यांदाच ट्यूबवरून खाली बघितलं, मनातल्या मनात. साडेपाच फुटांचा, ओलाचिंब, केरसुणीधारी प्राणी, आणि तो किंचाळतोय. तिला पापण्याच नाहीत, डोळे जिभेनं पुसायचे. त्यामुळे घट्ट मिटून घ्यायचीही सोय नाही. मला निदान तेवढी तरी होती, आणि ती मी वापरत नव्हतो.

भीती लगेच गेली असं नाही. पण तिचं तोंड फिरलं. घरातल्या पालीला विष नसतं, हे आता मी पाहुण्यांना न विचारता सांगतो. तिच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरू शकतो, म्हणून अन्न मात्र झाकायचं. रात्री ती ट्यूबखाली डास टिपत असते तेव्हा मी पेपर वाचतो. तिचं नवं शेपूट जरा बुटकं आणि वेगळ्याच रंगाचं आलंय, ठिगळ लावल्यासारखं. त्याकडे बघवत नाही.

न्हाणीघराच्या दारावर अजूनही दोन थापा मारतो. पूर्वी माझ्यासाठी मारायचो, आता तिला आवरायला वेळ मिळावा म्हणून. हे मी बायकोला समजावून सांगितलं.

“असेल,” ती म्हणाली, “पण अहो, जोर तेवढाच आहे.”