आमची काही अपेक्षा नाही

लग्नाच्या बैठकीत वरपक्ष हात जोडून म्हणतो, "आमची काही अपेक्षा नाही हो, मुलगी आणि नारळ द्या," तेव्हा मुलीचा बाप मनातल्या मनात कर्जाचे हप्ते मांडायला लागतो. वेल्समधला रग्बीभक्त दर हंगामाच्या तोंडावर हेच बोलतो. नवा प्रशिक्षक आला की जरा जास्तच नम्रपणे बोलतो. फरक इतकाच, की त्याला मुलगी नको असते, इंग्लंडवर विजय हवा असतो आणि तोही ट्विकनहॅमला जाऊन. नारळ मात्र तो स्वतः देतो. प्रशिक्षकाला.

या माणसाला आपण डाय म्हणू. तिकडे डेव्हिडचा डाय होतो आणि आडनाव जोन्स असण्याची शक्यता इतकी दाट, की ओळख पटवायला धंदा जोडावा लागतो: दूधवाला जोन्स, पोस्टवाला जोन्स. डाय कार्डिफला टॅक्सी चालवतो, पाँटिप्रिडला लोकांचे केस कापतो, स्वॉन्झीला नगरपालिकेच्या खिडकीमागे बसतो. मला सर्वांत जवळून ठाऊक असलेला डाय मी काम करतो त्या इस्पितळात पोर्टर आहे. रुग्णाला वॉर्डातून ऑपरेशन थिएटरपर्यंत ढकलत न्यायचं, हे त्याचं काम. कॉरिडॉर लांब आणि रुग्ण आडवा. इतका हक्काचा श्रोता कीर्तनकारालाही मिळत नाही. 'दहा नंबरच्या जागी कोणी खेळावं' या विषयावर डायचं ऐकत आलेल्या रुग्णाला भूल थोडी कमी लागते, असं आमचे भूलतज्ज्ञ म्हणतात.

वेल्सची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास. एवढ्यांनी मिळून कार्डिफ शहराच्या ऐन मध्यात ७४ हजार माणसांचं, सरकत्या छपराचं स्टेडियम बांधलं आहे. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, फ्रान्स आणि इटली यांच्याशी एकेक सामना खेळायचा, ही सिक्स नेशन्स स्पर्धा. पाचही जिंकले तर ग्रँड स्लॅम. तळाला राहिलात तर लाकडी चमचा. तो प्रत्यक्षात कुणी हातात देत नाही, पण मिळाल्याचं गावभर होतं. डायचं सगळं आयुष्य या दोन टोकांना बांधलेलं आहे. वेल्स तिसरं आलं होतं ते कुठलं वर्ष, असं त्याला विचारून पाहावं. तो तुमच्याकडे असा बघतो, की जणू तुम्ही त्याच्या शेजाऱ्याचा रक्तदाब विचारलात.

हे दुखणं लहानपणचं आहे. डाय आता साठीला टेकलाय. म्हणजे गॅरेथ एडवर्ड्स, फिल बेनेट, जे. पी. आर. विल्यम्स ही मंडळी मैदान गाजवत होती, तेव्हा तो शाळेत होता. १९७१, १९७६ आणि १९७८ असे तीन ग्रँड स्लॅम दहा वर्षांच्या आत झाले. पोराला वाटलं, जग असंच असतं. त्यानंतरचा ग्रँड स्लॅम थेट २००५ साली आला. मधली सत्तावीस वर्षं डायच्या मते हिशेबात धरायची नसतात.

त्यात ३१ ऑक्टोबर १९७२. त्या दिवशी लानेली या गावाच्या क्लबाने न्यूझीलंडच्या संघाला ९-३ असं हरवलं. राष्ट्रीय संघाने नव्हे, क्लबाने. गावातल्या पबमधली बिअर संपली म्हणतात. मॅक्स बॉइस या विनोदी गायकाने त्यावर रचना केली आणि 'मी होतो तिथं' हे वाक्य वेल्सभर झालं. त्या मैदानात त्या दिवशी जितकी माणसं मावणं शक्य होतं, त्याच्या कितीतरी पट माणसं आज तिथं होती. आमचा डायही होता. सहा वर्षांचा, मंगळवारी, शाळा असताना, वडिलांच्या खांद्यावर. वडील त्या वेळी रात्रपाळीला होते असं त्याच्या बायकोने एकदा बोलता बोलता सांगितलं. तेव्हा डायला अचानक आठवलं की खांदा काकांचा होता.

तर प्रशिक्षक. डायच्या लेखी प्रशिक्षकाच्या जाती दोनच: बाहेरचा आणि आपला. बाहेरचा म्हणजे न्यूझीलंडचा. दुसऱ्या कुठल्या देशाला 'बाहेर' म्हणण्याइतकी प्रतिष्ठा तो देत नाही. १९९८ च्या जूनमध्ये प्रिटोरियाला दक्षिण आफ्रिकेने वेल्सला ९६-१३ असं तुडवलं आणि त्याच वर्षी न्यूझीलंडहून ग्रॅहम हेन्री आले. पुढच्या वर्षी त्यांनी सलग दहा सामने जिंकून दाखवले. लोक त्यांना 'महान तारणहार' म्हणू लागले. हे बिरुद चर्चमधल्या स्तोत्रातून उचललेलं, म्हणजे थेट देवाच्या नावावरचं. २००२ साली डब्लिनला ५४-१० असा पराभव झाला आणि तारणहार परत गेले. डाय म्हणाला, "हुशार माणूस, पण आपली माणसं त्याला कळली नाहीत."

काही काळाने आपला माणूस आणला. माइक रडॉक यांनी २००५ चा तो ग्रँड स्लॅम मिळवून दिला आणि अकरा महिन्यांनी ते पायउतार झाले. पुढे गॅरेथ जेन्किन्स, तेही आपलेच. २००७ च्या विश्वचषकात फिजीने वेल्सला ३८-३४ असं घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, संघ मायदेशी परतायच्या आधीच, त्यांना नारळ मिळाला. यावर डायचं भाष्य: "चांगला माणूस, पण आपल्या माणसांना फारच ओळखून होता." ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, हे त्याला दाखवायचा मी एकदा प्रयत्न केला. त्याने ट्रॉली थांबवली, रुग्णाचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाला, "डॉक, म्हणून तर दोन्ही लागतात. आलटून पालटून."

वॉरन गॅटलंड यांच्याशी तर त्याने संसारच केला. २००८ साली गॅटलंड यांचा पहिला सामना, तोही ट्विकनहॅमला, जिथे वेल्सने वीस वर्षांत विजय पाहिला नव्हता. मध्यंतराला इंग्लंड पुढे होतं. शेवटी २६-१९ असं वेल्स जिंकलं आणि त्याच वर्षी ग्रँड स्लॅम. मग २०१२, मग २०१९. अशा माणसाने २०१९ ला निरोप घेतला तेव्हा डाय रडला. २०२२ च्या डिसेंबरात ते पुन्हा आले तेव्हाही रडला. मग २०२४ साली वेल्स एकूण एक कसोटी सामने हरलं. २०२५ च्या फेब्रुवारीत रोममध्ये इटलीकडून हरल्यावर गॅटलंड गेले. तेव्हा डाय रडला नाही. त्याने फक्त विचारलं, "इतके दिवस काय करत होते हे लोक?" मार्चमध्ये इंग्लंडने कार्डिफला येऊन ६८-१४ केले. जुलैमध्ये जपानकडूनही हार. सलग अठरा पराभव. एकोणिसाव्या वेळी कोबे शहरात त्याच जपानला हरवून माळ तुटली. ती सकाळ मला आठवते, कारण थिएटरकडे जाणारी पहिली ट्रॉली शीळ घालत आली होती.

मधल्या काळात पोपचाही विषय झाला. वेल्सने ग्रँड स्लॅम जिंकला की पोपना धोका असतो, अशी तिकडे एक समजूत आहे: १९७८ साली दोन पोप गेले आणि २००५ साली विजयानंतर दोन आठवड्यांत जॉन पॉल दुसरे गेले. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २००८ च्या नाताळ अंकात या समजुतीची संख्याशास्त्रीय तपासणी छापली होती, अगदी गंभीर चेहऱ्याने. २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेले, त्या वर्षीच्या सिक्स नेशन्समध्ये वेल्स पाचपैकी पाच सामने हरलं होतं. "यात आमचा काही हात नाही," डायने सांगितलं. स्वरात थोडी खंत होती.

अशा घरात नवे प्रशिक्षक म्हणून स्टीव्ह टँडी यांचा गृहप्रवेश झाला. टॉनमाउअर नावाच्या छोट्या गावचा माणूस, ऑस्प्रीझकडून खेळलेला, त्याच क्लबाचा प्रशिक्षक झालेला, मग काही वर्षं स्कॉटलंडचा बचाव शिकवून परत आलेला. जेन्किन्स यांच्यानंतर कायम नेमणूक झालेला पहिला वेल्श. डायने प्रथम गाव पाहिलं. टॉनमाउअरला बायकोच्या चुलत बहिणीचं सासर निघालं, तेव्हा नेमणूक मान्य झाली.

"डॉक, या वर्षी आपली काही अपेक्षा नाही," तो सप्टेंबरात म्हणाला. "त्याला वेळ द्यायचा. पाच वर्षं. निकाल बघायचेच नाहीत. पोरं झुंजली की झालं."

"मग नोव्हेंबरातले चार सामने?"

"अर्जेंटिना आणि जपान जिंकायचे. न्यूझीलंड दमलेलं असतं. दक्षिण आफ्रिकेशी बरोबरी चालेल."

इथे एक गोष्ट मला सांगितली पाहिजे, कारण डाय ती सांगणार नाही. वेल्श रग्बीचं खरं दुखणं प्रशिक्षकाच्या खुर्चीत नाही, तिजोरीत आहे. चार व्यावसायिक संघ आहेत: कार्डिफ, ऑस्प्रीझ, स्कार्लेट्स, ड्रॅगन्स. चौघांना पुरेल इतका पैसा नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये कार्डिफ क्लब आर्थिक संकटात सापडला, तेव्हा रग्बी संघटनेलाच तो ताब्यात घ्यावा लागला. ऑक्टोबरात चाराचे तीन करायचं ठरलं. चांगले खेळाडू पगारासाठी इंग्लंड-फ्रान्सला जातात. हे सगळं डायला माहीत आहे, आकड्यांसकट. पण बोलायला लागलं की दोन मिनिटांत जांभई देतो. त्याचं बरोबर आहे. ताळेबंदाला राष्ट्रगीताच्या वेळी कॅमेऱ्यासमोर उभं करता येत नाही, त्याच्या चेहऱ्यावरून तो घाबरलाय का ते ओळखता येत नाही आणि हरल्यावर सकाळी बोलावून त्याचा राजीनामा घेता येत नाही. त्यासाठी माणूस लागतो. प्रशिक्षकाला पगाराचा निम्मा भाग याचाच मिळत असावा, असा माझा संशय आहे.

पहिला सामना अर्जेंटिनाशी. २८-५२. बचावाचा तज्ज्ञ आणलेला आणि पहिल्याच दिवशी बावन्न गुण आत! डाय सोमवारी शांत होता. "पहिला सामना मोजायचा नसतो," म्हणाला. मग जपान. शेवटच्या क्षणापर्यंत वेल्स मागे, वेळ संपलेली, आणि जॅरड एव्हान्सच्या पेनल्टीवर २४-२३. घरच्या मैदानावर दोन वर्षांहून अधिक काळानंतरचा पहिला कसोटी विजय, आणि तो एका गुणाचा, जपानवर. त्या सोमवारी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला निघालेली एक आजीबाई थिएटरमध्ये अकरा मिनिटं आधीच पोहोचली.

"कॉरिडॉरमध्ये इतक्या जोरात?" सिस्टरने विचारलं.

"गती आलीये, सिस्टर. संघाला गती आलीये."

पुढे न्यूझीलंड. वेल्सने त्यांना शेवटचं हरवलं ते १९५३ साली, म्हणजे डायच्या जन्माआधी. दर खेपेला त्याला वाटतं, आज. का वाटतं याची कारणं दर खेपेला वेगळी असतात आणि सगळी पटण्यासारखी असतात. हा त्याचा खरा गुण. या वेळचं कारण छप्पर होतं. छप्पर बंद असलं की गाणं आत घुमतं, पाहुणे बिचकतात. मी म्हटलं, गाणं न्यूझीलंडवाल्यांनी आधी पुष्कळदा ऐकलंय. "ऐकलंय," डाय म्हणाला, "पण लक्ष दिलेलं नाही." निकाल २६-५२. मात्र टॉम रॉजर्सने तीन ट्राय केले. न्यूझीलंडविरुद्ध असं करणारा तो पहिला वेल्श खेळाडू. तेव्हापासून डायच्या बोलण्यात बावन्न हा आकडा आलाच नाही. तीन एवढंच येत होतं. ऐकणाऱ्याचा समज व्हावा की वेल्स तीन ट्रायने जिंकलं.

आणि २९ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिका. इंग्लंड-फ्रान्सच्या क्लबांनी खेळाडू सोडले नव्हते, कारण सामना ठरलेल्या आंतरराष्ट्रीय तारखांच्या बाहेरचा. ०-७३. घरच्या मैदानावरची वेल्सची आजवरची सर्वांत मोठी हार. चार सामन्यांत अंगावर आलेले गुण बरोबर दोनशे.

सोमवारी मी मुद्दाम त्याच्या वाटेला गेलो नाही. तोच आला. हातात रिकामी ट्रॉली, चेहरा हिशेब जुळलेल्या कारकुनाचा.

"डॉक, अठ्ठ्याण्णव साली त्यांनी आपल्याला किती मारले होते?"

"शहाण्णव."

"आता?"

"त्र्याहत्तर."

"तेवीस गुणांची सुधारणा. हेच पेपरवाले लिहीत नाहीत. आणि शहाण्णवनंतरच्या वर्षी काय झालं? नवं स्टेडियम उघडलं त्या दिवशी आपण त्यांनाच हरवलं, एकोणतीस-एकोणीस. मी होतो तिथं." हे मात्र खरं असावं, नेमका गुणफलक तो खऱ्या सामन्यांचाच सांगतो.

मी म्हटलं, फेब्रुवारीत सिक्स नेशन्सची सुरुवातच ट्विकनहॅमला आहे, जरा जपून.

"तेच तर!" तो ट्रॉलीच्या दांड्यावर रेलून पुढे झुकला. "गॅटलंडचाही पहिला सामना ट्विकनहॅमलाच होता. मग फ्रान्स आणि स्कॉटलंड कार्डिफला, म्हणजे आपल्या छपराखाली. डब्लिन अवघड, पण आयरिश आता म्हातारे झालेत. आणि शेवटी इटली, पुन्हा कार्डिफ, १४ मार्चला." आवाज एकदम खाली आला. इकडेतिकडे पाहून त्याने माझ्या खिशातला पेन काढला आणि माझ्याच हातातल्या ड्यूटीच्या तक्त्यावर त्या शनिवारभोवती गोल काढला. "तुझी ड्यूटी दिसतीये. आत्ताच कुणाशी तरी बदलून घे. नंतर कुणी तयार व्हायचं नाही."